तीनदा साफ झालेला घाट

आमच्या पाऱ्यामागं, म्हणजे मोहल्ल्यामागं, तलाव आहे, हे नव्या माणसाला सांगावं लागायचं. पाणी दिसतच नव्हतं. वरून पाहिलं तर हिरवंगार मैदान, त्यावर जांभळी फुलं. एकदा एक वासरू चरायला म्हणून थेट त्यात उतरलं आणि गळ्यापर्यंत गेलं. चार जणांनी दोर टाकून ओढलं तेव्हा कुठं वाचलं. पुण्याकडं या वनस्पतीला जलपर्णी म्हणतात. आम्ही रायपूरवाले जलकुंभी म्हणतो.

माझं माहेर अमरावतीकडचं. सासर मात्र मराठ्यांच्या राज्यापासून रायपुरातच. मी तीसेक वर्षं सरकारी मुलींच्या शाळेत विज्ञान शिकवलं. शिकवण्याइतकंच आयुष्य परीक्षेच्या हॉलमध्ये गेलं. कुणाची मान कुठं वळते, कुणाच्या ओढणीखाली कागद आहे, कोण दोनदा पाणी प्यायला उठली, हे मला पाठीलाही दिसायचं असं मुली म्हणायच्या. निवृत्त झाल्यावर हॉल सुटला, नजर सुटली नाही. दूधवाल्यापासून देवळाच्या पुजाऱ्यापर्यंत सगळे माझ्या पहाऱ्यात होते.

म्हणून एका थंडीत वॉर्डाच्या ऑफिसातला बाबू फॉर्म घेऊन दारात आला आणि म्हणाला, "मैडम, सरकार तालाब के लिए पैसा दे रही है," तेव्हा मी त्याला आधी बसायलाही सांगितलं नाही.

योजनेचं नाव लांबलचक होतं. मतलब एवढाच, की बाहेरदेशातून येऊन इथल्या पाण्यावर नि रानावर पसरलेल्या वनस्पती लोकांनीच समिती करून काढायच्या आणि खर्च सरकारनं द्यायचा. अर्धा आधी, अर्धा पाहणी झाल्यावर. आमच्या वॉर्डात समिती होती, पण सरकारी हिंदीत अर्ज लिहिणारं कुणी नव्हतं.

बाबू गेल्यावर मी यजमानांना म्हटलं, "काहीतरी काळंबेरं आहे यात. इतकी वर्षं तलाव सडून राहिला तेव्हा कोणी आलं नाही. आता काहून?"

हे रेल्वेतून निवृत्त झालेले, पेपरातून डोकं न काढता म्हणाले, "तुले सरकारनं दिलं नाही तरी शंका, देऊन राहिलं तरी शंका."

"देऊन राहिलं म्हणूनच तर शंका."

"मग जाऊ नको."

गेले नसते तर तिथं काय चाललंय हे मला कसं कळलं असतं? गेले.

समितीची अध्यक्ष पन्नाशीची एक बाई होती. तिच्या सासऱ्यांकडं पूर्वी हा तलाव शिंगाडा लावायला ठेक्यानं असायचा. जलकुंभी पसरली, शिंगाड्याचे वेल दबून मेले आणि त्या घरातली माणसं मजुरीला लागली. सगळ्या बाया तिला दीदी म्हणत. मी वयानं मोठी, पण मीही दीदीच म्हणू लागले. ती मला मैडम म्हणायची. कमी बोलायची. काहीही सांगितलं की "हव", म्हणजे हो, एवढंच म्हणायची, आणि त्या 'हव'मधून तिला पटलं की नाही ते कळायचं नाही. मला अशी माणसं पहिल्यापासून खटकतात. बडबड्या मुली कॉपी करताना सापडतात. गप्प बसणाऱ्या सापडत नाहीत.

बाया बाराजणी होत्या आणि बाराही एकाच गल्लीतल्या. ही पहिली गोष्ट मी मनात टिपून ठेवली. अर्ज मी लिहिला, मंजूरही झाला, आणि दर शनिवारी सकाळी एकाच जागेवरून तलावाचा फोटो काढायचं काम माझ्याकडं आलं. फोटोत जागा आणि वेळ उमटते, त्यामुळं फसवाफसवी होत नाही, असं बाबू म्हणाला. मी तलावाच्या पूर्वेच्या घाटाची वरची पायरी निवडली. तिथून पायऱ्याही दिसत आणि पलीकडचा काठही.

होळीनंतर काम सुरू झालं. ते काम मी आधी कधी पाहिलं नव्हतं. बाया साडीचा काचा मारून कमरेइतक्या पाण्यात उतरायच्या. लांब बांबूला लोखंडी आकडा बांधलेला, त्यानं जलकुंभीचा एकेक पट्टा तोडायच्या आणि दोर लावून काठाला ओढायच्या. वर तिचं पान किती देखणं, आणि खाली मुळं काळी, ओल्या केसांच्या गुंत्यासारखी, त्यात बाटल्या, पिशव्या, देवाच्या फोटोंच्या काचा. वास असा की मी पदर नाकाला लावून बसायची. पाणसाप निघाला की सगळ्याजणी ओरडायच्या आणि दीदी तो बांबूनं बाजूला करायची. संध्याकाळी त्यांच्या हातापायांवर लाल चकंदळं उठलेली असत. काढलेली जलकुंभी तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, खणलेल्या मोठ्या खड्ड्यात जायची. तिचं खत करायचं होतं.

हे सगळं मी पाहत होते. तरी माझं लक्ष त्यांच्या कष्टापेक्षा त्या किती वाजता येतात आणि किती वाजता बसतात याच्यावरच जास्त होतं, हे आज लिहायला हवं.

एप्रिलच्या शेवटी एका दुपारी मी सगळे फोटो क्रमानं लावून पाहिले. पहिल्या शनिवारी घाट झाकलेला. मग पायऱ्यांपुढं स्वच्छ पाणी. मग घाट पुन्हा झाकलेला. मग स्वच्छ. पुन्हा झाकलेला, पुन्हा स्वच्छ. पलीकडचा पश्चिमेचा काठ होता तसाच हिरवा.

म्हणजे बाया तोच घाट तीनदा साफ करत होत्या. उत्तर येत नसलं की एकच उत्तर अक्षर बदलून तीन ठिकाणी लिहिणाऱ्या, पानं भरणाऱ्या मुली मी पाहिल्या होत्या. मला वाटलं, हेही तेच. काम संपलं तर पैसा संपेल, म्हणून संपवायचंच नाही.

ह्यांना फोटो दाखवले. ते म्हणाले, "त्या बाईला विचार."

"विचारलं की सावध होतात," मी म्हटलं. हा परीक्षा हॉलचा नियम होता आणि तो मला कुठंही लागू पडतो असं वाटायचं.

त्यानंतर चारच दिवसांनी मी शंकर नगरला दाताच्या डॉक्टरकडं गेले होते. ऑटोतून परत येताना तलावामागच्या नाल्याजवळ मला दीदी दिसली. बरोबर दोघी बाया. तिघींनी मिळून ताडपत्रीत ओली जलकुंभी धरली होती, मुळांतून पाणी गळत होतं, आणि त्या ती तलावाकडं घेऊन चालल्या होत्या. तलावातून बाहेर नाही. बाहेरून तलावाकडं. ऑटो पुढं गेला, मी मागं वळून पाहत राहिले, त्या पाळीवर चढून दिसेनाशा झाल्या.

घरी येऊन मी चपलाही काढल्या नाहीत. "पाहिलं का? बाहेरून आणून टाकून राहिल्या!"

"टाकताना पाहिलं?" ह्यांनी विचारलं.

"आणखी काय करायला नेणार?"

मे महिन्यात पाहणी झाली. अधिकारी म्हणून आली ती एक पोट्टीच होती, फार तर तिशीची. टोपी, बूट, हातात फाईल. बायांनी घाट झाडून ठेवला होता. अर्ज मी लिहिला म्हणून दीदीनं मला पुढं केलं. माझं आडनाव ऐकलं आणि त्या मुलीचा चेहराच बदलला.

"मॅडम, तुम्ही मराठी? मी वर्ध्याची. इथं मराठी बोलायला कोणी भेटतच नाही हो."

मग आम्ही दोघी वरच्या पायरीवर उभं राहून मराठीत बोलू लागलो. माहेर, जावई, उन्हाळा. दीदी आमच्यापासून तीन पायऱ्या खाली पाण्याची बाटली घेऊन उभी होती. बाकी बाया सावलीत. आणि मला वाटलं, हीच संधी. चेहरा हसरा ठेवून, जणू अजून घरच्याच गप्पा चालल्यात अशा आवाजात मी म्हटलं, "तुला म्हणून सांगते बेटा. या बाया एकच घाट पुन्हा पुन्हा साफ करून राहिल्या. आणि बाहेरून जलकुंभी आणताना मी माझ्या डोळ्यानं पाहिलं."

"नक्की?"

"फोटो आहेत माझ्याकडं."

तिनं फाईलमध्ये काहीतरी लिहिलं. दीदी पाण्याकडं पाहत होती. पाहणी झाल्यावर तिनं त्या मुलीला पाणी दिलं, मला दिलं, आणि "चाय बनवाऊँ?" असंही विचारलं.

दोन आठवड्यांनी पत्र आलं. सरकारी पत्रं मीच वाचून दाखवायची असं ठरलेलं होतं, म्हणून सगळ्या बाया ते घेऊन माझ्याच अंगणात आल्या. प्राप्त माहितीनुसार कामाच्या सत्यतेबद्दल शंका असून चौकशी होईपर्यंत पुढचा हप्ता थांबवण्यात येत आहे. मी ते हिंदीत मोठ्यानं वाचलं. माझाच शब्द सरकारी होऊन माझ्या तोंडी परत आला होता. एक बाई रडायला लागली. दुसरी म्हणाली, आता उद्यापासून कशाला उतरायचं पाण्यात?

दीदीनं पत्र माझ्या हातून घेतलं, घडी घातली आणि माझ्याकडं पाहून विचारलं, "किसने कहा होगा, मैडम?"

मी म्हटलं, "पता नहीं."

"हव," ती म्हणाली, आणि सगळ्यांना घेऊन गेली.

मला त्या रात्री चांगली झोप लागली. खोटं कशाला लिहू? पकडलं याचं समाधान होतं.

काम बंद पडलं. शनिवारी मात्र सवयीनं मी घाटावर गेले. पत्र आलं त्या दिवशी घाटापुढचं पाणी मोकळं होतं, मी स्वतः पाहिलेलं. आता पायरीपासून पुढं नजर जाईल तिथवर जलकुंभी दाटली होती. आठवडाभर एकही बाई पाण्यात उतरली नव्हती. सहाजणी तर लग्नाला म्हणून गावी गेल्या होत्या. मग घाट झाकला कुणी?

मी पायरीवर बसले. वारा तोंडावर येत होता. त्या दिवसांत आमच्याकडं पश्चिमेचा गरम वारा दिवसभर वाहतो, त्यासाठी आम्ही खिडक्या बंद ठेवतो. इतकी वर्षं मी त्याच्यापासून घर वाचवलं आणि तो पाण्यावर काय करतो याचा विचार एकदाही केला नाही.

पंडरीच्या कापडबाजारातून परकराच्या कापडासोबत आणलेली लाल पट्टी घरात पडून होती. तिच्या मी दहा चिंध्या कापल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी तलावाला वळसा घालून पश्चिमेच्या काठावर गेले, गुडघाभर चिखलात उतरले, आणि काठापासून सुटलेल्या दहा रोपांच्या देठांना चिंध्या बांधून ती पाण्यात ढकलली. लोक उभे राहून पाहत होते. एकानं विचारलं, "आंटी, मन्नत है क्या?"

संध्याकाळी पाचला घाटावर आले तेव्हा सात लाल चिंध्या पायरीला लागलेल्या होत्या.

बाया रोज घाट साफ करायच्या आणि वारा रोज पलीकडची जलकुंभी आणून घाटाला लावायचा. मुलींना वर्षानुवर्षं प्रयोग करून पाहा म्हणून सांगणारी मी, आणि स्वतः करायला मला अडीच महिने लागले, तेही सगळं नासवून झाल्यावर.

तरीही एक गोष्ट उरली होती. ताडपत्री. मी तशीच नाल्याकडं निघाले. नाला वरच्या बाजूच्या दुसऱ्या तलावातून येतो. पुलाच्या मोरीपाशी बांबू रोवून त्यावर जुनं मासेमारीचं जाळं ताणलेलं होतं. ते एका बाजूनं फाटलं होतं आणि त्याला जलकुंभी अडकून पडली होती, काही रोपं फटीतून आमच्या तलावाकडं सरकत होती. हे जाळं कुणी लावलं ते मला विचारावं लागलं नाही. बाया वरून येणारी रोपं इथं अडवत होत्या आणि उचलून पाळीवरच्या खताच्या खड्ड्यात नेत होत्या. खड्डा पाळीवर होता. ऑटोतून पाहणाऱ्याला त्या तलावाकडंच चालल्यासारख्या दिसणार.

तिथून मी घरी गेले नाही, दीदीच्या घरी गेले. ती ओसरीवर बसून एक जाळं सांधत होती. मी हिंदीत सुरुवात केली, "दीदी, एक बात कहनी थी..."

"मराठीत बोला ना, मैडम," ती म्हणाली. "मले समजते."

मी उभीच राहिले.

"लग्नाच्या आधी पाच वर्सं एका मराठी घरी भांडे घासले मी. तिथल्या बाईले हिंदी येत नव्हती. मग मलेच शिकावं लागलं."

"मग त्या दिवशी घाटावर..."

"सगळं समजलं."

"आणि पत्र वाचलं तेव्हा तुम्ही मला विचारलं, कोणी सांगितलं असेल म्हणून."

"पाहत होती. तुम्ही काय म्हणता ते."

ती सुई थांबवत नव्हती. मी बसले. चिंध्यांचं सांगितलं, वाऱ्याचं, जाळ्याचं. माफी मागितली. मला वाटलं होतं ती रडेल किंवा ओरडेल, आणि मग मोकळं होईल. तिनं फक्त एवढं विचारलं, "मैडम, शाळेत पोरीनं चूक केली, तं आधी तिलेच विचारत असाल ना तुम्ही?"

याचं खरं उत्तर 'नाही' असं होतं.

"मले विचारलं असतं तं सांगितलं असतं," ती म्हणाली. "वारा तं आम्हाले पहिल्या दिवसापासून माहीत होता. घाट आधी साफ करायचा हे तुमच्याच अर्जात लिहिलं होतं. फोटो चांगला येते म्हणून."

ते खरं होतं. अर्ज मीच लिहिला होता. फोटोच्या जागेपासून काम सुरू करावं, हे माझंच वाक्य.

दुसऱ्या दिवशी मी अधिकारी मुलीला फोन केला. सगळं सांगितलं. ती ऐकत राहिली, मग म्हणाली, "मॅडम, तुम्ही तर म्हणाल्या होत्या, डोळ्यानं पाहिलं."

"पाहिलं खरं. समजून घेतलं चूक."

"तसं लेखी द्या. पण चौकशी सुरू झाली ना, आता ते माझ्या हातात नाही." तिनं आवाज खाली केला. "खरं सांगा, समितीवाल्यांनी तुमच्यावर दबाव आणला का?"

मी नाही म्हटलं. तिला पटलं नाही, हे मला फोनवरूनही कळलं. तिच्या जागी मी असते तर मलाही पटलं नसतं. शंका घ्यायला तिला मीच शिकवलं होतं, आणि त्यात ती हुशार निघाली.

मी पत्र लिहिलं. दोनदा ऑफिसात गेले. एकदा साहेब बैठकीत, एकदा फाईल दुसऱ्या टेबलावर. तोवर पाऊस लागला. नाल्याला पूर आला, मोरीवरचं जाळं बांबूसकट वाहून गेलं आणि वरच्या तलावातली जलकुंभी लोंढ्यानं खाली उतरली. पोळ्यापर्यंत तलाव पुन्हा मैदान झाला होता. बायांनी अडीच महिने उपसलेलं सगळं परत आलं. मी घाटावर जायचं बंद केलं. ह्यांनी मला एकदाही बोल लावला नाही. लावला असता तर बरं झालं असतं.

बाराजणींतल्या चारजणी तेलीबांध्याकडच्या नव्या इमारतींवर विटा उचलायला लागल्या. त्या मग परत आल्याच नाहीत.

चौकशीचा माणूस दिवाळीनंतर आला. त्यानं खड्ड्यातलं खत पाहिलं, लोकांचे जबाब घेतले. माझाही घेतला. मी चुकीची माहिती दिली होती असं मी सही करून लिहून दिलं. थंडीत उरलेला हप्ता सुटला आणि आठ बाया पुन्हा पाण्यात उतरल्या. या वेळी त्यांनी पश्चिमेकडून सुरुवात केली, वाऱ्याच्या उगमापासून, आणि मोरीवर तारेची जाळी बसवली. फोटोचं काम दीदीच्या सुनेकडं गेलं. मला कुणी 'येऊ नका' म्हटलं नाही. 'या' असंही म्हटलं नाही. मी आपण होऊन गेले आणि काठावर बसून मुळांतली काच नि प्लास्टिक वेगळं करू लागले. बोटं कापायची. खाज सुटायची. चकंदळं म्हणजे काय ते तेव्हा कळलं.

मी जवळ गेले की बायांचं बोलणं थांबायचं. कधी आवाज उतरायचा, कधी त्या विषय बदलून भाजीच्या भावावर यायच्या. एकीनं तर दुसरीला कोपरानं खुणावलेलं मी पाहिलं. मान कुठं वळते हे पाहण्यात माझा जन्म गेला होता, आणि आता साऱ्या माना माझ्यापासून वळत होत्या. मी आणखी कुणाला काय सांगेन याची त्यांना खात्री नव्हती. तशी ती असायला काही कारणही नव्हतं.

मार्चमध्ये शेवटची पाहणी झाली. वर्ध्याच्या मुलीची बदली झाली होती. तिच्या जागी आलेला साहेब वयस्क, घाईतला. अर्धाअधिक तलाव मोकळा होता, बाकीचा अजून हिरवा. तो घाट उतरून आला, चिखलानं भरलेल्या बायांवरून त्याची नजर गेली आणि चष्मा, स्वच्छ साडी पाहून माझ्यावर थांबली.

"बहनजी, आप बताइए. काम ठीक हुआ है?"

बाया हातातलं काम थांबवून माझ्याकडं पाहू लागल्या. दीदीही.

"मुझे पूरा नहीं मालूम," मी म्हटलं. "काम इन्होंने किया है. इनसे पूछिए."

साहेबाला ते आवडलं नसावं. पण तो दीदीकडं वळला. ती पाण्यातून वर आली, हात पुसले, आणि त्याला घेऊन पश्चिमेच्या काठाकडं चालू लागली. काय झालं, काय राहिलं, पावसाळ्यात मोरीवर माणूस ठेवला नाही तर पुन्हा काय होईल, हे ती त्याला दाखवत होती. इतकं बोलताना मी तिला कधी ऐकलं नव्हतं. बाकीच्या सातजणी तिच्या मागोमाग गेल्या. मी गेले नाही. समोर मुळांचा ढीग पडला होता, त्यातली काच वेचत बसले.